दुखतंय, पण सांगता येत नाही

गावाहून फोन येतो. आई अंघोळीला हात लावू देत नाही, ब्लाउज घालताना चावायला धावते, रात्री उठून बसते आणि ओरडत राहते. रियाधच्या अल सुलै भागात गोदामात, ट्रकवर किंवा वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या मुलाला एवढ्यावरून काय कळणार? घरचे म्हणतात, विसरणं वाढलंय, त्यातलाच हा प्रकार. डॉक्टर झोपेची गोळी लिहून देतात. आई दोन दिवस गुंगीत पडून राहते आणि सगळ्यांना वाटतं, गुण आला.

यात एक प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो. तिचं काही दुखतंय का?

हीच आई दहा-पंधरा वर्षं गुडघ्यांनी बेजार होती. उठताबसता "आई गं" म्हणायची, तेल चोळून घ्यायची, पायरीवर थांबायची. मग स्मृतिभ्रंश सुरू झाला, हळूहळू गुडघ्याची तक्रार बंद झाली आणि घरच्यांनी गृहीत धरलं की गुडघे आता बरे आहेत. झिजलेला सांधा असा आपोआप बरा होत नाही. स्मृतिभ्रंशात वेदना जात नाही, जातात ते ती सांगायचे शब्द. कुठे दुखतंय, कधीपासून, कशाने वाढतं, हे जुळवून सांगण्याची ताकद संपते. उरतं ते कण्हणं, हात झटकणं, खाण्यावरून उठून जाणं. त्याला आपण हट्ट म्हणतो, चिडचिड म्हणतो, म्हातारचळ म्हणतो.

हा लेख परदेशी राहणाऱ्या मुलांसाठी आहे आणि गावी त्या आईचं किंवा बाबांचं करणाऱ्या माणसासाठीही. सौदीत जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबितामागे महिन्याला १०० रियाल शुल्क सुरू झालं आणि ते वर्षागणिक वाढत ४०० वर गेलं. तेव्हा कितीतरी जणांनी बायकामुलांना गावी पाठवलं. कमावता माणूस तिकडे आणि म्हाताऱ्यांचं करणारी सून किंवा लेक इकडे, अशी घरं त्यामुळे आणखी वाढली. हा आजारही काही विरळा नाही. भारतात ६० वर्षांवरच्या माणसांची देशभर पाहणी झाली, तिच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज ७.४ टक्क्यांचा आहे. म्हणजे जवळपास ८८ लाख लोक. या वयात गुडघा, कंबर, खांदा, बोटं यांतलं काहीच दुखत नाही असा माणूस विरळाच.

नॉर्वेत १८ वृद्धसेवागृहांतल्या ३५२ जणांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण, सगळे आक्रमक किंवा अस्वस्थ. त्यांतल्या निम्म्या गटाला डॉक्टरांनी पायरीपायरीने वेदनेवरचं औषध दिलं. बहुतेकांना ते साधं पॅरासिटामॉलच होतं, दिवसाला जास्तीत जास्त ३ ग्रॅम. ८ आठवड्यांत त्यांची अस्वस्थता दुसऱ्या गटाच्या तुलनेत १७ टक्क्यांनी कमी झाली. वागणं सुधारायला दिलेलं औषध नव्हतं ते, दुखणं कमी करायला दिलेलं होतं. म्हणून माझं सांगणं ठाम आहे: शांत करणारी गोळी सुरू करण्याआधी सांधे बघा.

विचारा, पण बघा जास्त

आजार सुरुवातीचा किंवा मधला असेल तर आईला विचारून कळतं, फक्त विचारायची पद्धत बदलावी लागते. "काल रात्री दुखत होतं का?" याचं उत्तर तिला देता येणार नाही, कारण कालची रात्र तिच्याकडे नाही. तिच्यासमोर बसा, चष्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं आहे ना ते बघा, गुडघ्यावर हलकेच हात ठेवा आणि "आत्ता इथं दुखतंय?" एवढंच विचारा. मग थांबा, उत्तराला अर्धं मिनिटही लागू शकतं. "वेदना" हा पुस्तकी शब्द वापरू नका. ती आयुष्यभर जे म्हणत आली तेच म्हणा: ठणकतंय का, कळ येते का, सांधे धरलेत का. एक ते दहा आकड्यांत किती दुखतं हे विचारणं अशा माणसाच्या बाबतीत बहुधा निरुपयोगी ठरतं.

आजार पुढे गेला की बघणं हाच मार्ग. त्यासाठी २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली 'पेनॅड' नावाची एक छोटी मोजपट्टी आहे, तिला ना यंत्र लागतं ना पैसे. पाच गोष्टी बघायच्या. श्वास कसा चाललाय, तोंडातून कण्हणं किंवा रडणं येतंय का, चेहरा कसा आहे, अंग सैल आहे की आवळलेलं, आणि जवळ घेतलं, बोललं तर ती शांत होते का. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण दहापैकी. चार किंवा त्याहून वर गेलं तर दुखणं दुर्लक्ष करण्यासारखं नाही असं समजायला हरकत नाही. पण एकदाच मोजलेल्या आकड्यापेक्षा रोजच्या आकड्यांतला फरक जास्त सांगतो. औषध सुरू करण्याआधी सहा होते आणि आठवड्याने तीन झाले, तर औषध लागू पडतंय.

कधी बघायचं हे त्याहून महत्त्वाचं. खाटेवर निवांत पडलेल्या माणसाचा गुडघा गप्प असतो. हालचाल करताना बघा. खाटेवरून उठणं हे सगळ्यांत चांगलं. दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरते का? एकाच पायावर भार टाकून उठते का? उभं राहताना क्षणभर श्वास रोखून कपाळाला आठ्या घालते का? पहिली चार पावलं आखडलेली आणि मग जरा मोकळी, असं होतं का? तसं असेल तर दुखणं सांध्याचं असण्याची शक्यता बरीच. ब्लाउजमध्ये हात घालताना, वेणी घालायला मान वळवताना, संडासला बसताना, पावलांना तेल लावताना कुठल्या नेमक्या क्षणी ती हात झटकते ते टिपा. अंघोळीचा राग पाण्याचा नसतो, खांदा वर उचलल्याचा असतो, असं पुष्कळदा आढळतं. खांदा दुखत असेल तर दुखऱ्या हातात बाही आधी घाला आणि काढताना तो हात शेवटी काढा. समोरून बटणं असलेला गाऊन आणखी सोपा.

दूर राहणाऱ्या मुलाचा खरा उपयोग इथे आहे. तुमचं घड्याळ गावापेक्षा अडीच तास मागे असतं. शुक्रवारी सुलैत सकाळचे आठ वाजतात तेव्हा कोकणात साडेदहा झालेले असतात, आई उठून अंघोळीच्या तयारीत असते. त्या वेळी व्हिडिओ कॉल करा आणि आईचं करणाऱ्या वहिनीला सांगा, फोन आईच्या चेहऱ्यापुढे धरण्याआधी थोडा लांब, गुडघ्याच्या उंचीवर धर आणि ती उठते कशी ते दाखव. तेवढं एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवलं तर डॉक्टरांना दाखवता येतं, आणि दवाखान्यात खुर्चीवर गप्प बसलेल्या आईपेक्षा ते मिनिट डॉक्टरांना जास्त सांगतं. "मला ओळखलंस का, सांग बघू मी कोण?" ही परीक्षा मात्र घेऊ नका. तिची त्यात फक्त घालमेल होते.

सगळंच सांध्यावर ढकलू नका

लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, दुखरा दात, बसून बसून झालेली जखम, बोटात रुतलेलं नख, यांनीही माणूस असाच वागतो. हे आधी तपासा. वागणं एक-दोन दिवसांत एकदम बदललं, ती गुंगीत जाऊ लागली किंवा समोर नसलेल्या गोष्टी बघू लागली, तर त्याला आजार वाढला असं म्हणून सोडू नका. अंगात जंतुसंसर्ग, पाणी कमी होणं किंवा औषधाचा दुष्परिणाम असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. पडल्यानंतर पायावर भार टाकत नसेल तर एक्स-रे काढल्याशिवाय मालीश नको, खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. एकच सांधा लाल, गरम, सुजलेला आणि ताप असेल तर तो रोजचा संधिवात नाही.

गोळी कधी, कुठली, किती

"दुखलं तर द्या" असं चिठ्ठीवर लिहिलेलं औषध आईला मिळतच नाही, कारण ती मागत नाही. म्हणून डॉक्टरांकडून वेळ ठरवून घ्या. बहुधा सुरुवात पॅरासिटामॉलने होते, ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दिवसातून तीन किंवा चार वेळा. म्हाताऱ्या माणसात दिवसाचा एकूण हिशेब ३ ग्रॅमच्या आत ठेवतात. वजन ५० किलोच्या खाली असेल, यकृताचा त्रास असेल किंवा दारूची सवय असेल तर आणखी कमी. सकाळची गोळी अंघोळीच्या तासभर आधी द्या. गोळीचा असर व्हायला अर्धा ते एक तास लागतो आणि दिवसाची सगळ्यांत दुखरी हालचाल त्याच वेळी असते. एवढ्या एका बदलाने अंघोळीची मारामारी थांबल्याचं दिसतं. खरं सांगायचं तर झिजेच्या संधिवातात पॅरासिटामॉलचा गुण माफकच असतो. दोन आठवडे नीट देऊन, पेनॅडचे गुण मोजून, फरक नसेल तर तेच रेटत बसू नका, डॉक्टरांना सांगून पुढची पायरी घ्या.

एक धोका नीट लक्षात ठेवा. आपल्याकडे सांधेदुखीच्या कितीतरी गोळ्या मिश्र असतात, ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं. साध्या पॅरासिटामॉलबरोबर याही चालू असतील तर दिवसाचा हिशेब नकळत कोलमडतो. घरातल्या सगळ्या पाकिटांचे मागून फोटो मागवून घ्या आणि घटक वाचा. हे काम सुलैतल्या खोलीत बसून करता येतं आणि तुम्हीच ते सगळ्यांत चांगलं कराल.

त्यानंतर मलम. गुडघा आणि बोटं कातडीच्या जवळ असतात, तिथे डायक्लोफेनॅकचं जेल बऱ्यापैकी काम करतं आणि गोळीपेक्षा फार कमी प्रमाणात रक्तात जातं. जखमेवर लावायचं नाही आणि लावल्यावर तिचे हात पुसायचे, नाहीतर तोच हात डोळ्याला जातो.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, ब्रुफेन यांच्या गोळ्या या वयात सहज हाताशी ठेवायच्या नाहीत. पोटात रक्तस्राव, मूत्रपिंडाला इजा, रक्तदाब वाढणं, पायांवर सूज, हे सगळं त्यांनी होतं. रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या चालू असतील तर मूत्रपिंडाचा धोका वाढतो, रक्त पातळ करणारं औषध असेल तर रक्तस्रावाचा. स्मरणशक्तीसाठी डोनेपेझिल चालू असेल तर त्यानेही पोटातलं आम्ल वाढतं, ही गोष्ट दोन वेगळ्या डॉक्टरांची औषधं घेणाऱ्या घरांत सुटून जाते. शौच डांबरासारखं काळं झालं तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठा. ट्रॅमाडॉल डॉक्टर कधी कधी देतात. त्याने गोंधळ, चक्कर, बद्धकोष्ठ होऊ शकतं, म्हणून ते अगदी कमी मात्रेत आणि नजरेखालीच.

झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्यांबद्दल. तीव्र मानसिक आजारावरच्या गोळ्या स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना दिल्या तर मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला. त्या कधीच देऊ नयेत असं नाही, पण दुखण्यावरचं औषध म्हणून तर नाहीच नाही.

आमवात असेल, म्हणजे बोटांचे सांधे सकाळी तासभर आखडतात, सुजतात, वाकडे होतात असा आजार, तर मेथोट्रेक्सेट चालू असू शकतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. विसरणाऱ्या माणसाने ती रोज घेतली तर जीव जाऊ शकतो, आणि तसं घडलेलं आहे. ते पाकीट आईच्या हाती लागणार नाही असं कुलपात ठेवा, वार ठरवा, देणारा माणूस एकच ठेवा आणि दिल्यावर कॅलेंडरवर खूण करा.

खोक्यातून काय पाठवता ते बघा

सुट्टीला जाताना प्रत्येकाच्या खोक्यात टायगर बाम, अ‍ॅक्स ऑइल, लाल रंगाचं चोळायचं तेल आणि पॅनाडॉल असतंच. ते प्रेम आहे, पण चार गोष्टी पाळा. कापूर, मेंथॉल, विंटरग्रीन असलेल्या बाटल्या स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या हाती देऊ नका. खोकल्याचं औषध समजून आई ते पिऊन टाकू शकते आणि ते विषारी ठरतं. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याला मिथाइल सॅलिसिलेटचं मलम रोज भरपूर चोळलं तर रक्त जास्त पातळ होतं. बाम चोळून वर गरम शेक दिला तर कातडी भाजते. आणि पॅनाडॉल घेताना खोक्यावर 'नाइट' लिहिलेलं आहे का ते बघा. त्यात झोप आणणारं डायफेनहायड्रामीन असतं, ते अशा माणसाचा गोंधळ वाढवतं आणि लघवी तुंबवतं.

उलट प्रवासात जास्त जपा. आई-बाबांना भेटीच्या व्हिसावर किंवा उमऱ्याला आणताना त्यांची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणा. ट्रॅमाडॉल, प्रीगॅबालिन, क्लोनाझेपाम, कोडीन ही सौदीत नियंत्रित औषधं आहेत. ती आणायची तर सौदी अन्न व औषध प्राधिकरणाची परवानगी निघण्याआधीच घ्यावी लागते. सौदीत मिळणाऱ्या दुसऱ्या औषधावर बदलून घेता येईल का, हे गावीच डॉक्टरांना विचारलेलं बरं. लाडवात खसखसही नको, सौदीत तिच्यावर बंदी आहे. उमऱ्यात सफा-मरवाच्या सात फेऱ्यांचंच चालणं तीन किलोमीटरच्या वर जातं. अब्बा हौसेने चालतील, दुखतंय हे सांगणार नाहीत आणि पुढचे चार दिवस खाटेवरून उठणार नाहीत. चाकाची खुर्ची पहिल्या फेरीपासून घ्या. गर्दीत हात सुटला तर तुमचा नंबर त्यांच्या मनगटावर हवा. सौदीत आरोग्य मंत्रालयाचा ९३७ आणि रुग्णवाहिकेचा ९९७ हे नंबर त्यांच्यासोबतच्या माणसाला द्या.

औषधाशिवाय जे होतं

पडून राहिलेला सांधा जास्त आखडतो. म्हणून हालचाल हवीच, फक्त ती व्यायाम म्हणून सांगून होत नाही. समोर बसून तुम्ही करा, ती बघून करेल. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच मोजायचे, खाली घ्यायचा. एकेका पायाला आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. तिच्या ओळखीचा अभंग किंवा हरिपाठ लावा, तालावर पाय आपोआप चालतो. हातांना वाल सोलायला द्या, तांदूळ निवडायला द्या. हातांनी जन्मभर केलेली कामं डोक्याने विसरली तरी हात विसरत नाहीत, आणि बोटांच्या सांध्यांना याहून चांगली हालचाल नाही.

शेकाचं मात्र सांभाळून. तापवलेली वीट, तव्यावरची मिठाची पुरचुंडी, उकळत्या पाण्याची पिशवी हे प्रकार आईला नकोत, कारण भाजतंय हे ती वेळेत सांगणार नाही. कोमट पाण्यातून पिळलेला टॉवेल आधी आपल्या मनगटावर ठेवून बघा, मग पंधरा मिनिटं गुडघ्यावर. विजेचं पॅड लावून तिला एकटी सोडायची नाही.

पैसा खर्च करायचा असेल तर आधी संडासावर करा. उकिडवं बसणं दुखऱ्या गुडघ्याला सगळ्यांत जाचक. कमोडची खुर्ची आणि भिंतीला एक घट्ट दांडी बसवली की बद्धकोष्ठाचाही निम्मा प्रश्न सुटतो, कारण दुखतं म्हणून ती जायचं टाळत असते. खाट इतक्या उंचीची हवी की बसल्यावर पाय जमिनीला टेकतील आणि गुडघे खुब्यापेक्षा वर येणार नाहीत. उंची कमी असेल तर खाटेच्या पायांखाली लाकडी ठोकळे. जमिनीवरचा पाट बंद. रात्री खाटेपासून संडासापर्यंत मंद दिवा. सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल.

गावठी पुड्यांबद्दल एकच सांगतो. "एका पुडीत गुडघा मोकळा" असं औषध मिळालं आणि खरोखर दोन दिवसांत गुण आला, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचा संशय घ्या. चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना ती पुडी दाखवा.

गुडघ्यात इंजेक्शन देऊन काही आठवडे आराम मिळू शकतो. सांधा बदलायची शस्त्रक्रिया आजार सुरुवातीचा असेल आणि नंतरचे व्यायाम ती करू शकणार असेल तरच विचारात घ्या. भुलीनंतर गोंधळ वाढण्याची शक्यता या माणसांत बरीच असते.

हे सगळं करणारी बाई गावी आहे. अंघोळ ती घालते, गोळी ती देते, चिमटे तिला बसतात. तिच्याकडून पेनॅडचे गुण लिहून घेताना हिशेब मागितल्यासारखं होऊ देऊ नका. पगारातला काही भाग आईच्या औषधाबरोबर रोज दोन तास मदतीला येणाऱ्या बाईसाठी वेगळा काढा, आणि तो थेट वहिनीच्या खात्यावर पाठवा. महिन्यातून दोन दिवस तिला माहेरी जाता यावं म्हणून बहिणीला किंवा भावाला तुम्ही स्वतः फोन करा. ज्येष्ठांसाठीचा देशभरचा मदत क्रमांक १४५६७ आहे आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेचा १०८. दोन्ही आईच्या खाटेजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायला आजच सांगा.